गॅसचे कोठार नव्हे, कॉम्प्रेसर स्टेशन

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत गेल्या आठवड्यात नैसर्गिक वायूच्या वाहिनीविषयी एक वृत्त प्रसिद्ध झाले. वृत्त एरवी नेटके होते. परंतु त्यात कॉम्प्रेसर स्टेशनचा उल्लेख आधी ‘गॅसचे साठवण केंद्र’ असा आणि दोन परिच्छेदांनंतर ‘गॅसचा पंप’ असा केलेला होता. सोबतच्या छायाचित्रात दिसणाऱ्या उभ्या, गोल माथ्याच्या पोलादी पात्राखाली ‘गॅसची टाकी’ अशी ओळ होती. त्या पात्राला स्क्रबर म्हणतात आणि त्यात काहीही साठवलेले नसते. नळातून वायूबरोबर वाहत आलेले तेलाचे आणि पाण्याचे थेंब, गंजाची काळी पूड असला ऐवज तेथे खाली पाडला जातो, जेणेकरून तो पुढच्या यंत्रात शिरू नये. माझी नोकरीची तीसएक वर्षे अशाच ठाण्यांवर यंत्रांची देखभाल करण्यात गेली आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

चूक केवळ शब्दाची असती तर आपला वेळ घेतला नसता. कोठार म्हटले की ठाण्याशेजारच्या गावाला आपल्या उशाशी लाखो सिलिंडर रचून ठेवल्यासारखे वाटते. पंप म्हटले की विहिरीवरच्या मोटारीप्रमाणे एकदा कळ दाबली की काम संपले, असे वाटते. दोन्ही समजुतींपायी भलत्याच गोष्टीची भीती धरली जाते आणि खरोखर विचारायचे प्रश्न ग्रामसभेतही निघत नाहीत आणि बातमीतही येत नाहीत.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. स्वयंपाकघरातील सिलिंडरमधला एलपीजी माफक दाबाखाली द्रव होतो, त्यामुळे तो टँकरमध्ये भरून कुठेही नेता येतो. मिथेन मात्र उणे ८२ अंश सेल्सियसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. तो वायूच राहतो आणि नळातून ढकलतच न्यावा लागतो. ढकलणारे बळ म्हणजे दोन टोकांच्या दाबातला फरक. मोठ्या वाहिनीत सुरुवातीचा दाब ९० बारच्या आसपास ठेवता येतो. तुलनेसाठी सांगायचे तर मोटारीच्या टायरमध्ये तो जेमतेम दोन-अडीच बार असतो.

हा दाब घर्षणाने वाटेत घटत जातो. पाण्याच्या नळातही तो घटतो, पण दाब कमी झाला म्हणून पाणी फुगत नाही. वायू फुगतो. फुगला की तेवढ्याच नळातून त्याला अधिक वेगाने धावावे लागते, वेग वाढला की घर्षण वाढते आणि घर्षण वाढले की दाब आणखी भरभर उतरतो. त्यामुळे हा उतार रस्त्याच्या सरळ उतारासारखा नसून पुढे पुढे कड्यासारखा तुटत जाणारा असतो. समजा, ९० बारने निघालेला वायू १०० किलोमीटरवर पोचेपर्यंत ७० बारचा झाला, म्हणजे २० बार गेले. पुढच्या १०० किलोमीटरमध्येही २०च जातील असे सहज वाटते. हिशेब केला तर २९ जातात आणि दाब ४१ बारवर येतो. उरलेले ४१ बार त्यापुढच्या अवघ्या पन्नासेक किलोमीटरमध्ये संपतात. हा कागदावरचा हिशेब आहे, कारण दाब इतका खाली कोणी जाऊ देत नाही; पण कॉम्प्रेसर स्टेशन का लागते, याचे उत्तर याच आकड्यांत आहे. वाटेत गमावलेला दाब वायूला परत देणारे ठिकाण म्हणजे कॉम्प्रेसर स्टेशन.

मग दाब अगदी तळाला जाईपर्यंत थांबून एकदाच का वाढवत नाहीत, असा प्रश्न मला प्रशिक्षणार्थी मुले हमखास विचारीत. कारण असे की, कॉम्प्रेसरला लागणारी शक्ती दाब किती बारने वाढवला यापेक्षा तो किती पटीने वाढवला यावर ठरते. ७० बारचे ९० बार करणे म्हणजे सव्वापटीच्या थोडे वर. ४१चे ९० करणे म्हणजे दुपटीहून अधिक. दर १०० किलोमीटरवर एक याप्रमाणे दोन ठाणी घातली, तर दोघांची मिळून जी शक्ती खर्च होते ती २०० किलोमीटरवर एकच ठाणे घातल्यास लागणाऱ्या शक्तीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरते. दुसऱ्या बाजूने प्रत्येक ठाण्याला जमीन, यंत्रे आणि चोवीस तास माणसे लागतात. या दोहोंच्या ओढाताणीतून अंतर ठरते. अमेरिकेत, जिथे अशा वाहिन्यांचे सर्वांत मोठे जाळे आहे, ते साधारण ६५ ते १६० किलोमीटरच्या दरम्यान असते.

ठाण्याच्या आत वायूचा मुक्काम काही सेकंदांचाच असतो. स्क्रबर आणि गाळण्या ओलांडून तो कॉम्प्रेसरमध्ये जातो. मोठ्या वाहिन्यांवरचा कॉम्प्रेसर बहुधा सेंट्रिफ्यूगल जातीचा असतो, म्हणजे मिनिटाला हजारो फेरे घेणारी पात्यांची चाके वायूला बाहेरच्या दिशेने भिरकावतात आणि तो वेग पुढे दाबात बदलतो. ही चाके फिरवायला गॅस टर्बाइन असते. विमानाच्या इंजिनाचे हे सख्खे भावंड, फक्त जमिनीला बोल्टने जखडलेले. त्याचे इंधन त्याच नळातून काढलेला थोडासा वायू. म्हणजे वाहिनी आपला माल पुढे नेण्यासाठी स्वतःच्याच मालातून मजुरी देते, आणि लांब पल्ल्याच्या वाहिनीत ही मजुरी एकूण वायूच्या काही टक्क्यांपर्यंत जाते. दाबल्यावर वायू तापतो, जसा हवा भरताना सायकलचा पंप तापतो. तीस अंशांनी आत आलेला वायू दीडपट दाब झाल्यावर साठ-पासष्ट अंशांनी बाहेर पडतो. तसाच पुढे सोडला तर जमिनीखालच्या नळावरील गंजरोधक वेष्टनाचे आयुष्य घटते, शिवाय गरम वायू विरळ असल्याने घर्षणाचा तोटा वाढतो. त्यासाठी बाहेर पंख्यांखाली नळ्यांचे ताफे मांडलेले असतात. आपल्या वार्ताहराने त्यांना ‘शीतगृह’ म्हटले आहे. बटाटेवाल्यांना उगाच आशा लागायची!

या साऱ्यात कौशल्याचा भाग यंत्र चालवण्यापेक्षा ते सांभाळण्यात आहे. एका डिसेंबरातली रात्रपाळी मला आजही लख्ख आठवते. ठाण्यापुढे काही अंतरावरचा एक मोठा ग्राहक कारखाना अचानक बंद पडला, उचल एकाएकी घटली आणि प्रवाह मंदावला. सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरची एक खोड अशी की, त्यातून जाणारा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला तर पुढचा दाब त्याला झेपेनासा होतो आणि वायू पात्यांमधून उलटा मागे येतो, पुन्हा पुढे जातो, पुन्हा मागे येतो. याला आम्ही सर्ज म्हणतो. हे काही सेकंद जरी चालले तरी बेअरिंगची आणि सीलची धडगत राहत नाही. त्यासाठी बाहेर पडलेला वायू पुन्हा तोंडाशी आणून सोडणारा एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो, आणि तो माणसाची वाट न पाहता आपण होऊन उघडतो. त्या रात्री कंट्रोल रूमच्या टेबलावरील स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यावर वलये उठलेली मी पाहिली, त्याच क्षणी बाहेर तो व्हॉल्व्ह उघडल्याचा घोष झाला आणि वलये विरली. पडद्यावरचा आकडा नंतर बदलला. यंत्राच्या थरथरीवरून त्याचा मूड ओळखणारे जुने ऑपरेटर प्रत्येक ठाण्यावर एक-दोन तरी असत, आणि संगणक आले तरी त्यांना कोणी हलवीत नसे.

साठवणीचा मुद्दा अजून पुरता झालेला नाही. वायू जर कुठे साठलेला असेल तर तो खुद्द नळात. एक मीटर आतील व्यास असलेला १०० किलोमीटर लांबीचा नळ ८० बारने भरलेला असताना त्यात सामान्य दाबाला मोजल्यास ७० लाख घनमीटरच्या आसपास वायू असतो. याला लाइनपॅक म्हणतात. सकाळ-संध्याकाळची वाढीव मागणी याच पुंजीतून भागते, आणि रात्री कॉम्प्रेसर ती पुन्हा भरून काढतात. ठाण्याचे तर बरोबर उलट आहे. आवारात धोक्याची सूचना मिळताच दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटतात, ठाणे वाहिनीपासून तुटते आणि यंत्रांत व आवारातील नळांत असलेला वायू व्हेंट नावाच्या उंच नळीतून काही मिनिटांत आकाशात सोडून दिला जातो. मिथेन हवेहून हलका असल्याने तो वर निघून जातो. धोका जाणवताच स्वतःला रिकामे करणाऱ्या जागेला कोठार म्हणणे म्हणजे अग्निशमन दलाला फटाक्यांचे दुकान म्हणण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध पुष्कळ जुना आहे. ‘गेल’ या सरकारी वायू कंपनीची हाजिरा–विजयपूर–जगदीशपूर ही १,७०० किलोमीटरहून लांब वाहिनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभी राहिली, ती आपल्याच किनाऱ्यासमोरच्या दक्षिण बसीन क्षेत्रातील वायूच्या भरवशावर. आणि बसीन हे आपल्या वसईचेच परकी जिभेवरचे रूप. समुद्राखालून हाजिऱ्याला गेलेला हा वायू तेथे गंधकयुक्त घटक काढून शुद्ध होतो आणि झाबुआ, विजयपूर, औरैया अशा ठाण्यांवर दम खात उत्तर प्रदेशापर्यंत जातो. आँवला, बबराला, शाहजहानपूर, जगदीशपूर येथील खत कारखाने या वाहिनीच्या आधाराने उभे राहिले. गंगेच्या खोऱ्यातील गव्हाला मिळालेल्या युरियात वसईच्या समुद्रातला वायू आहे, ही गोष्ट शाळेच्या भूगोलात शिकवली गेली असती तर मला अधिक बरे वाटले असते.

काकीनाड्याहून भरूचला जाणारी ४८ इंची पूर्व-पश्चिम वाहिनी २००९ मध्ये सुरू झाली. तिचा मोठा भाग महाराष्ट्रातून जातो आणि कल्याणजवळच्या म्हसकळ येथे ती दहेज–उरण वाहिनीला मिळते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ज्या उत्पादनासाठी ती बांधली गेली ते २०१० नंतर झपाट्याने घसरले आणि वाहिनीत वायू अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी वाहू लागला. येथे एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच नळातून निम्माच वायू सोडला तर घर्षणाचा तोटा निम्मा न होता एक चतुर्थांशावर येतो. वर दिलेल्या उदाहरणात १०० किलोमीटरवर ७०ऐवजी ८५ बार शिल्लक राहतात, आणि मध्ये एकही ठाणे नसताना वायू साडेसातशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नागपूर गाठण्याइतके अंतर गेला तरी सुरुवातीचा अर्धा दाब त्याच्याकडे उरलेला असतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, नवी वाहिनी पहिली काही वर्षे मधल्या ठाण्यांशिवायही चालू शकते, आणि ग्राहक वाढले की त्याच नळावर कॉम्प्रेसर बसवून तिची क्षमता वाढवता येते. समृद्धी महामार्गालगत बऱ्याच लांबीत टाकलेल्या मुंबई–नागपूर वाहिनीसारख्या प्रकल्पांच्या बातम्या देताना ‘क्षमता अमुक इतके घनमीटर’ एवढेच छापून भागत नाही. ती क्षमता किती ठाण्यांसह धरली आहे, ती आज आहेत की पुढे येणार आहेत, येणार असतील तर कोणत्या तालुक्यात, हे विचारले पाहिजे. वाहिनीसाठी १९६२च्या कायद्यानुसार केवळ वापराचा हक्क घेतला जातो; जमीन शेतकऱ्याचीच राहते, फक्त त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर-तळे आणि झाडे लावणे यांना मनाई असते. ठाण्याचे तसे नाही. त्याच्या आवाराची जमीन कायमचीच जाते. नळ गाडून झाला, पीक उभे राहिले, आता आपला संबंध संपला असे समजणाऱ्या शेतकऱ्याला दहा वर्षांनी ठाण्याची नोटीस आली तर तो फसवणूक झाली म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

दोन समज जाता जाता दूर करावेत असे वाटते. एक घाटाविषयी. सह्याद्री चढून जायचे म्हणून ठाणी लागतात, असे त्या वृत्तात सुचवले होते. पाण्याला सहाशे मीटर चढवायचे तर ६० बार लागतात हे खरे; परंतु ८० बारला दाबलेल्या वायूला त्याच चढासाठी तीन-चार बार पुरतात. वायूचा शत्रू उंची नाही, अंतर आहे. दुसरा समज एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, उतरवणाऱ्या टर्मिनलविषयी: तेथेही वायू कॉम्प्रेसरनेच दाबून वाहिनीत सोडतात, असा. उणे १६२ अंशांवर द्रवरूपात जहाजाने आलेला वायू द्रव असतानाच पंपाने वाहिनीच्या दाबापर्यंत नेतात आणि मग गरम करून त्याचा वायू करतात. द्रव दाबायला फारच थोडी शक्ती लागते. तेव्हा ‘पंप’ हा शब्द कुठे वापरायचाच असेल, तर तो तेथे शोभेल.

वाचकांचा रोजचा संबंध येतो तो वाहिनीच्या दुसऱ्या टोकाशी. शहराच्या वेशीवर हा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला जातो, आणि तेथेच साधारणपणे त्यात उग्र वास मिसळतात, कारण मूळ वायूला वास नसतो. घरच्या शेगडीपर्यंत पोचताना दाब २१ मिलिबार, म्हणजे वीतभर उंचीच्या पाण्याइतका उरतो. सीएनजी पंपावर मात्र तोच वायू वेगळ्या, लहान कॉम्प्रेसरने पुन्हा २५० बारपर्यंत चढवावा लागतो, तेव्हा गाडीच्या टाकीत २०० बार भरतात. रिक्षावाले रांगेत ‘आज प्रेशर नाही’ म्हणतात तेव्हा दोष बहुतेक वेळा या पंपावरच्या कॉम्प्रेसरचा किंवा रांगेपुढे रिकाम्या होत गेलेल्या तिथल्या सिलिंडरच्या संचाचा असतो. दूरच्या मोठ्या वाहिनीचा क्वचितच. गेल्या महिन्यात माझ्या घराजवळच्या पंपावर दीड तास उभे राहून मला १४० बारवर समाधान मानावे लागले, आणि तेथील मुलाने कारण म्हणून ‘वरूनच गॅस कमी येतोय’ हे सांगितले. मागे कॉम्प्रेसर बंद असल्याचे मला त्याच्या शांततेवरूनच कळत होते.

आता ज्या गोष्टींबद्दल ठाण्याशेजारच्या गावाने खरोखर आग्रह धरावा त्यांविषयी. पहिली आवाजाची. टर्बाइन बंदिस्त खोलीत असते, धुराड्यावर सायलेन्सर असतो, तरीही वायू थंड करणाऱ्या पंख्यांची घरघर रात्रीच्या शांततेत दूरवर जाते, आणि घरे कोणत्या बाजूला आहेत हे पाहून ते पंखे मांडणे आराखड्याच्या वेळीच शक्य असते, नंतर नव्हे. दुसरी ऊर्जेची. कॉम्प्रेसर विजेच्या मोटारीवरही चालतो. मग ठाण्यावर धूर राहत नाही, परंतु भरवशाची उच्चदाब वीज त्या जागी हवी. आपल्याकडील ग्रामीण वीजपुरवठ्याचा अनुभव जमेस धरता टर्बाइनला पसंती मिळाली यात मला नवल वाटत नाही, तथापि नव्या ठाण्यांसाठी हा पर्याय तपासल्याचे निदान कागदावर तरी दिसावे. तिसरी व्हेंटची. देखभालीसाठी ठाणे रिकामे करताना सोडलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापमानवाढ घडवतो. तो हवेत न सोडता फिरत्या कॉम्प्रेसरने शेजारच्या नळात भरण्याची सोय आज उपलब्ध आहे.

आणि सोडावाच लागला, तर आधी सांगून सोडावा. व्हेंटचा आवाज विमान डोक्यावरून गेल्यासारखा असतो. आमच्या एका ठाण्यावर नियोजित व्हेंटिंगची सूचना जवळच्या वस्तीला द्यायची राहून गेली होती. पहाटे पाचला तो आवाज झाला तेव्हा बायामाणसे लेकरे काखोटीला मारून शेतातून धावत सुटली आणि एक म्हातारे गृहस्थ बांधावरून पडून त्यांचा हात मोडला. वायूचा एक कणही गावात गेलेला नव्हता. त्यांच्या घरी माफी मागायला जाणाऱ्यांत मी होतो. त्यांनी पाणी दिले आणि एवढेच म्हणाले, “काल सांगितलं असतं तर निजूनच राहिलो असतो.”

अमुक वारी अमुक भागात वीज बंद राहील, पाणी येणार नाही, अशा सूचना आपण पुरवणीच्या तिसऱ्या पानावर नियमित छापता. त्याच चौकटीत ठाण्यांच्या नियोजित व्हेंटिंगची तारीख, वेळ आणि चौकशीचा दूरध्वनी क्रमांक छापण्याची आपली तयारी असल्यास वाहिनी चालवणाऱ्यांकडून तो मजकूर मागवून घ्यावा, अशी विनंती आहे. आणि जमल्यास त्या छायाचित्राखालची ओळही दुरुस्त करावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त यंत्र अभियंता
कल्याण